मालनबाईंची नातवंडं

"माझ्या आईला तुम्ही पतवंडं दिलीत," तो म्हणाला, आणि खिशातून एक कार्ड काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं.

मी तेव्हा हातात बादली घेऊन उभी होते. बाहेर दोन दिवसांपासून रिपरिप चालू होती आणि आमच्या प्रेसचा पत्रा नेहमीच्या जागी, कटिंग मशीनच्या डाव्या अंगाला, गळत होता. पितृपंधरवडा. या पंधरा दिवसांत कुणी लग्नाची पत्रिका छापायला येत नाही, त्यामुळं बादली ओतणं हेच सकाळपासूनचं मोठं काम होतं. राहुरीच्या स्टँडासमोर आमचा गाळा, आणि त्या पावसात स्टँडावर माणूस कमी, चिखल जास्त.

मी बादली खाली ठेवली आणि कार्ड उचललं. काम माझंच होतं. वर फोटो, खाली नाव. 'कालकथित मालनबाई भीमा साळवे यांच्या जलदानविधी व पुण्यानुमोदन कार्यक्रमास...' इथवर सगळं ठीक. वय पन्नास, तेही बरोबर. आणि तळाला, शोकाकुल म्हणून: 'मुले, सुना, नातवंडे, पतवंडे व समस्त साळवे परिवार.'

"घरात कोण कोण आहे तुमच्या?" मी विचारलं, पण मला उत्तर कळून चुकलं होतं.

"मी आन् वडील."

आमच्या धंद्यात कुणी नवीन काही लिहीत नाही. जुनी फाईल उघडायची, नाव बदलायचं, तारीख बदलायची, फोटो टाकायचा आणि प्रिंट द्यायची. दुःख तेच राहतं, आडनाव तेवढं बदलतं. आदल्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एका आजोबांचं कार्ड केलं होतं. त्यांचा गोतावळा मोठा. मी त्यांचं नाव पुसलं, त्यांचा गोतावळा पुसायचा राहिला.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "लगेच दुसरी छापून देते."

"कशाला? कार्यक्रम परवाच झाला. शंभर कार्डं वाटून झाली." तो दारातच उभा होता, अर्धा आत, अर्धा पावसात. "जामखेडचा मामा म्हणत हुता, सम्राट, लगीन कधी केलंस रं, आमाला कळवलं बी न्हाई."

तो हसला नाही. मीही हसले नाही. पण दोघांचेही ओठ हलल्यासारखे झाले आणि मग मला एकदम रडूच आलं... मेलेल्या माणसाच्या मुलासमोर आपण रडायचं आणि त्यानं उभं राहून बघायचं, असला प्रकार. मी पुन्हा बादली उचलली.

"तुम्ही भांडायला आला नाहीत?"

"न्हाई. एक कार्ड करून पायजे. एकच. फोटोखाली फ्रेममधी लावायला." तो आत आला. तिशीच्या आतला, सडपातळ, शर्टाच्या खिशाला कृषी विद्यापीठाचं ओळखपत्र. मातीपरीक्षण प्रयोगशाळेत कंत्राटावर होता. "पण तुमच्या फाईलीतलं न्हाई. अल्पशा आजारानं न्हाई, काळानं घाला घातला न्हाई, पोकळी निर्माण झाली न्हाई, दुःखद बी न्हाई. ह्यातला एक बी शब्द नको. आन् लांबड नको. चाळीस शब्दांच्या आत."

"मग उरलं काय?"

"तेच तर बघायचंय," तो म्हणाला.

*

मी कॉलेजात असताना एक कथा लिहिली होती. वार्षिक अंकात छापून आली. पुढच्या वर्षी मॅडम म्हणाल्या, वृषाली, या वेळी तुझ्या मनाला येईल ते लिही. मी दोन दिवस वही उघडून बसले, आणि मनाला काहीही आलं नाही. तेव्हापासून लिहिणं सुटलं. नंतर चार वर्षं कल्याणकाकांच्या प्रेसमध्ये मी दुसऱ्यांची लग्नं आणि दुसऱ्यांची मरणं टाइप करत होते. सगळं तयार असायचं. मला वाटायचं, आपल्याला आता हेच येतं.

त्या दिवशी त्याचे नको असलेले शब्द मी कागदावर लिहून काढले आणि त्यावर फुली मारली. मग त्याला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, आई काय करायच्या?

"विद्यापीठाच्या रोपवाटिकेत रोजानं हुती. वीस वर्सं."

"ते नाही. हातानं काय करायच्या?"

त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि ओंजळ करून दाखवली. वाफ्यातलं रोप कसं उचलायच्या ते. मुळाभोवतीची माती सांडली तर आई दिवसभर स्वतःवर चिडलेली असायची, म्हणाला. मी त्या हातांकडं बघत राहिले, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

संध्याकाळपर्यंत मी पाच कागद फाडले. कार्डं कापल्यावर जाड कागदाच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या उरतात, काका त्या पोत्यात भरून ठेवतात. त्यातल्या एका पट्टीवर शेवटी हे उतरलं:

'मालनबाई सकाळी सातला रोपवाटिकेच्या फाटकातून आत जायच्या. वाफ्यातलं रोप उचलताना मुळाभोवतीची माती सांडू द्यायच्या नाहीत. ती झाडं आता सावली देतात. त्यांना बाईंचं नाव विचारलं तर सांगता येणार नाही. पण हात ओळखतील.'

दुसऱ्या दिवशी तो आला. उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. पट्टी परत देताना म्हणाला, "तुमी लिहिता."

"नाही."

"मी इचारलं न्हाई," तो म्हणाला. "सांगितलं."

जाताना ते पहिलं, चुकलेलं, भिजलेलं कार्ड टेबलावरच राहिलं. मी ते फेकायला हवं होतं. मी ते मॉनिटरच्या मागं, भिंतीला टेकवून ठेवलं.

*

प्रयोगशाळेच्या पिशव्यांची लेबलं आमच्याकडं छापायला येत. आधी ती एक शिपाई घेऊन जायचा. त्यानंतर मात्र दर मंगळवारी सम्राट स्वतः यायला लागला, आणि लेबलं तयार नसली तर उलट त्याचा चेहरा खुलायचा.

दुसऱ्याच मंगळवारी त्यानं विचारलं, "अजून एक लिहिणार का? मी अट सांगतो."

"कसली अट?"

"कुटली बी. चहा सांगितलाय न्हवं तुमच्या काकांनी? तो यायच्या आत गोष्ट संपली पायजे."

चहा यायला सात मिनिटं लागली आणि माझी गोष्ट सहा मिनिटांत झाली. मला स्वतःलाच नवल वाटलं. पाटाला बांध घातला की पाणी मुकाट वाफ्यात शिरतं, तसं काहीतरी होत होतं. 'मनाला येईल ते लिही' म्हटल्यावर जे कुठंच गेलं नव्हतं, ते 'हे नको, ते नको' म्हटल्यावर वाट काढत होतं.

"आता तुम्ही," मी म्हणाले. "मी अट घालते."

"घाला."

मी जरा ऐटीत होते, म्हणून बोलून गेले, "काहीही लिहा. फक्त प्रेमाची गोष्ट नको. कधीच नको. मी दिवसभर तेच टाइप करते... दोन जीवांचं मीलन आणि रेशीमगाठी. वीट आलाय."

"कधीच न्हाई?"

"कधीच."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. भुवई थोडी वर गेली. "बरं," तो म्हणाला. "पाळू."

आणि त्यानं ती पाळली, हेच माझं दुर्दैव.

दिवाळी गेली, थंडी पडली, कारखाना सुरू झाला आणि स्टँडासमोरून उसाच्या गाड्या जायला लागल्या. आमच्या पट्ट्यांचं पोतं कमी होत गेलं. एकदा अट होती की गोष्टीत कुणी रडायचं नाही, आणि ती लिहून झाल्यावर मीच रडले. एकदा त्यानं सांगितलं, गोष्ट फक्त पायांची लिही, मग मी एका नवरीच्या पायांची लिहिली, जोडवी घट्ट होतात तिची. ती वाचताना तो खाली वाकून माझ्या पायांकडं बघत होता आणि मी पाय स्टुलाखाली ओढून घेतले होते. कधीतरी त्याचं 'तुमी' जाऊन 'तू' झालं. माझं 'तुम्ही' तसंच राहिलं. तेवढंच एक कुंपण माझ्या हातात होतं.

माघात मी त्याला अट घातली, गोष्टीत माणूस नको. त्यानं लिहिलं:

'एका बांधाच्या दोन बाजूंची माती दोन पिशव्यांतून तपासायला आली. एकाच ट्रेमध्ये शेजारी-शेजारी वाळली. सामू, क्षार, कर्ब, सगळं सारखं निघालं. मग अहवाल दोन पाकिटांत घालून दोन घरी पाठवले. ट्रे धुऊन ठेवला.'

मी ती पट्टी दोनदा वाचली. कान गरम झाले.

"तुम्ही नियम मोडलाय," मी म्हणाले.

"कुटं? ह्यात माणूस तरी हाय का?"

"नाही, पण..."

"पण काय?"

"काही नाही. ट्रे कशाला धुतला?"

"धुवावाच लागतो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज पडला. "दुसऱ्याच्या मातीत मिसळली तर लोक तक्रार करत्यात."

कल्याणकाका कटिंग मशीनवरून आमच्याकडं बघत होते. तो गेल्यावर ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. काका माणूस विनोदी, पण त्या दिवशी विनोद करायचं त्यांनी टाळलं.

"वृषे, आपल्या कॉम्प्युटरवर लग्नाचे फोल्डर किती?"

"दोन," मी म्हणाले. 'शुभविवाह' आणि 'मंगल परिणय'. मरणाचेही दोनच. 'दशक्रिया' आणि 'पुण्यानुमोदन'. दोन्हीकडं पहिला आमच्यासारख्यांचा, दुसरा बौद्ध घरांचा. आमच्याकडं माणूस आला की आडनाव ऐकून मी फोल्डर उघडते. चार वर्षांत एकदाही विचारावं लागलं नव्हतं.

"एका फोल्डरातली फाईल दुसऱ्यात टाकली तर कॉम्प्युटर काय बोलत न्हाई," काका म्हणाले. "मानसं बोलत्यात. तुझा बाप माझा मैतर हाय. येवढंच."

*

श्रावणात पुणतांब्याचं स्थळ आलं. मुलगा ओम, बी.एस्सी. झालेला, नदीकाठची जमीन, घरात माणसं मोजकी. बघायला आला तेव्हा त्यानं मला विचारलं, तुम्हाला नोकरी चालू ठेवायची असेल तर कोपरगावला प्रेस आहेत. त्याच्यात खोट काढायला मला काही सापडलं नाही आणि तेच अवघड होतं. बैठक झाली, सुपारी फुटली, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली. मला कुणी विचारलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आईनं विचारलं, "मग? करायचं न्हवं?" मी गप्प बसले. आमच्या घरात मुलीचं गप्प बसणं म्हणजे होकार, हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी मी गप्प बसले.

कारण मी वाट बघत होते. सम्राटनं नियम मोडायची.

त्या मंगळवारी मी त्याला सांगितलं, "माझं ठरलंय."

लेबलांचा गठ्ठा बांधता बांधता त्याचा हात थांबला. सुतळी त्याच्या बोटाभोवती तशीच गुंडाळलेली राहिली.

"चांगलं हाय का पोरगं?"

"चांगला आहे."

"मंग बरं झालं," तो म्हणाला. सुतळी सोडवायला त्याला बराच वेळ लागला. मी पट्टी पुढं केली, रोजच्यासारखी. त्यानं पेन उघडलं, पट्टीकडं बघत बसला आणि मग पेन बंद केलं. "आज ऱ्हाऊ दे. नियम पाळायचा म्हणलं तर आज ल्याहायला काय न्हाई."

तो गेल्यावर ती कोरी पट्टी मी कितीतरी वेळ हातात धरून बसले. आत्तापर्यंतच्या पट्ट्यांत मला सगळ्यात जास्त समजलेली ती एकच होती. मला त्याचा राग आला. मग स्वतःचा आला. नियम माझाच होता, आणि तो मोडला तर त्याच्यापेक्षा मला जास्त सोसावं लागेल हे त्याला माहीत होतं. तो माझ्यासाठी गप्प होता आणि मी त्याच्यासाठी थांबले होते. दोन शहाण्या माणसांनी मिळून याहून मोठा मूर्खपणा केला नसेल.

*

दसऱ्यानंतरच्या सोमवारी आण्णा, म्हणजे माझे वडील, प्रेसमध्ये आले. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून वहीची चार पानं काढली. सगळी नावं. व्याही, विहिणी, चुलते, मामे, गावचे सरपंच. आण्णांचं अक्षर पेरणीच्या ओळींसारखं सरळ.

"पत्रिका तूच कर," ते म्हणाले. "घरचं काम हाय. कुनाचं नाव ऱ्हायला नको. उद्या चारला येतो बघायला."

मी 'शुभविवाह' फोल्डर उघडला, उन्हाळ्यात केलेली एक फाईल घेतली आणि जुनी नावं पुसत नवी टाकत गेले. रोजचंच काम. हात आपोआप चालत होते. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' या ओळीखाली माझ्या चुलतभावंडांची नावंसुद्धा टाकली.

मंगळवार उजाडला तो अंधारलेलाच. परतीचा पाऊस लागला होता. लोकांचा काढलेला कांदा शेतात भिजत होता आणि आमची बादली पुन्हा कटिंग मशीनशेजारी बसली होती. दुपारी दोनच्या सुमारास सम्राट आला, पाठीवर मोठी बॅग, हातात पेढ्यांचा पुडा.

"परीक्षेचा निकाल लागला. कृषी सहायक. पोस्टिंग जामखेडला." त्यानं पुडा टेबलावर ठेवला. "उद्याच हजर व्हायचंय. तीनच्या गाडीनं नगरला जातो, तिथनं पुढं."

मी पेढा घेतला. हातातच धरून ठेवला.

"हे काय चाललंय?" त्यानं स्क्रीनकडं पाहिलं, आणि त्याला कळलं. मी खिडकी बंद करायला माऊस हलवला, पण तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. वाचू दे. तुझी चूक मीच काढत आलोय."

तो ओळ न् ओळ वाचत गेला, वरपासून. कुलदैवत, मुहूर्त, स्थळ. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. मध्येच त्याचे डोळे थांबले.

"हितं जुनं नाव ऱ्हायलंय," तो हळू म्हणाला.

मी पाहिलं. 'चि. सौ. कां. मोनिका.' उन्हाळ्यातली नवरी. मी दोन घराण्यांची सगळी नावं टाकली होती, सरपंचांचं टाकलं होतं, चुलतभावाच्या तीन वर्षांच्या मुलीचं टाकलं होतं. नवरीचं नाव बदलायचं राहिलं होतं.

"हितं तुझं नाव न्हाई, वृषाली."

"नाहीये," मी म्हणाले, आणि ते ऐकताना मलाच ते पहिल्यांदा कळलं.

पाणी बादलीत टिपकत होतं. काका मशीन बंद करून मागच्या खोलीत निघून गेले.

"जायच्या आधी एक अट घालतो," तो म्हणाला. "शेवटची. चाळीस शब्द. आन् खरं पायजे."

"आणि माझी जुनी अट?"

"ती हायेच. ती कुटं तू मागं घेतलीस?"

मी पट्टी घेतली. अडीच वाजले होते. आधी काहीच सुचेना. प्रेमाचा शब्द नको, खोटं नको, आणि माझ्याजवळ उरलं काय... मग मान वर केली तेव्हा मॉनिटरच्या मागं ते कार्ड दिसलं. वर्षभरापूर्वीचं, कडा फुगलेलं. मालनबाई फोटोतून सरळ माझ्याकडं बघत होत्या. मी लिहिलं:

'एका मुलीनं एकदा कार्डावर चूक केली. मालनबाईंना नातवंडं दिली. ती चूक दुरुस्त करावी असं तिला आता वाटत नाही. ते कार्ड तिनं जपून ठेवलंय. खरं व्हायला वेळ लागेल. घरी अवघड जाईल. तू थांबशील?'

त्यानं वाचलं. मग पट्टी उलटी केली, मागं काही आहे का बघितलं, पुन्हा सुलटी केली.

"नियम मोडला न्हाईस," तो म्हणाला.

"नाही."

"आन् पहिल्यांदा 'तू' म्हणालीस मला."

"हो."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांत ती पट्टी होती. बाहेर गाडी लागली. बोर्डावर अहिल्यानगर लिहिलेलं, कंडक्टर ओरडत होता नगर, नगर. त्यानं पट्टी ओळखपत्राच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवली.

"थांबतो," तो म्हणाला. "पण तुला एकटीला बोलावं लागंल. मी संगं थांबू का? पुढच्या गाडीनं जातो."

"नको. तू समोर असलास तर आण्णांना फक्त तूच दिसशील. मला काय म्हणायचंय ते ऐकू जाणार नाही."

तो दारात क्षणभर उभा राहिला, पहिल्या दिवसासारखा, अर्धा आत, अर्धा पावसात. मग गेला. गाडीच्या काचेवर वाफ धरली होती, त्यामुळं तो कुठल्या खिडकीत बसला ते मला कळलंच नाही. मी गाडी वळेपर्यंत सगळ्याच खिडक्यांकडं बघत राहिले.

*

आण्णा बरोबर चारला आले. डोक्यावर घेतलेलं पोतं त्यांनी दारात झटकलं, चष्मा पुसला आणि स्क्रीनसमोर बसले. बोट ठेवून वाचायची त्यांची सवय. सगळी नावं जुळली तशी मान हलवत गेले आणि मग बोट थांबलं.

"मोनिका? ही कोन?"

"उन्हाळ्यातल्या पत्रिकेतली मुलगी."

"मंग बदल की. तुजं नाव टाक."

"आण्णा, मला नाही टाकता येणार."

ते माझ्याकडं वळले. मला खूप बोलायचं होतं. त्याऐवजी मी मॉनिटरमागचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. पहिलाच शब्द 'कालकथित'. आण्णा तिथंच थांबले. आमच्या भागात तेवढ्या एका शब्दावर सगळं कळतं. त्यांचा चेहरा आधी कडक झाला, मग रिकामा.

"साळव्यांचा पोरगा," ते म्हणाले. म्हणजे कानावर आलं होतं तर. "तो लेबलंवाला."

"होय."

ते फोटोकडं बघत राहिले. बराच वेळ. "ही बाई विद्यापीठात रोपं द्यायची," ते मग म्हणाले, माझ्याशी नाही, कार्डाशी बोलल्यासारखं. "आपल्या लिंबाची रोपं मी तिथनंच आनली. म्हनली, भाऊ, उंची बघू नका, मूळ बघा. ...हीच आसंल. का दुसरी आसंल. लई बाया हुत्या तिथं."

त्यांचं बोट खाली सरकलं. "हितं तर नातवंडं लिवल्यात. त्या पोराचं लगीन झालंय का काय?"

"नाही. ती चूक आहे."

"कुनाची?"

"माझी."

"मंग दुरुस्त न्हाई केलीस?"

"नाही, आण्णा," मी म्हणाले. "करायची नाहीये."

आण्णांना समजायला वेळ लागला. मग समजलं. ते इतके थकलेले मला कधी दिसले नव्हते. मी त्यांची एकुलती एक, आणि त्यांच्या हातात नावांची चार पानं होती, प्रत्येकाला त्यांनी तोंडानं आवतण देऊन ठेवलेलं. मला त्यांच्या पायाशी बसून माफी मागावीशी वाटली. पण माफी मागितली असती तर मी नाव टाकलं असतं, म्हणून मी उभीच राहिले.

"तुजी आई काय म्हनंल?" ते म्हणाले. "गाव काय म्हनंल, ते सोड. पुनतांब्याची मानसं चांगली हायेत. त्या पोराची काय चूक? त्यांला मी काय सांगू?"

"खरं सांगा."

"मला न्हाई येत." त्यांनी वहीची पानं घडी करून टेबलावर ठेवली. "तू लिव. तू लिवती म्हनं, कल्यान सांगत हुता. थोडक्यात लिव. खोटं नको. आन् त्यांला लागंल आसं बी काय नको. उद्या मी सोता घिऊन जातो." मग त्यांनी बोट वर केलं. "आन् हे मी व्हय म्हनलो आसं समजू नको. मी कशालाच व्हय म्हनलेलो न्हाई."

"नाही समजणार."

मी एक पट्टी घेतली. वर्षभरात किती अटी पाळल्या होत्या, पण ही सगळ्यांत अवघड होती. थोडक्यात, खोटं नाही, आणि कुणाला लागेल असं नाही. पहिली ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली. आण्णा स्टुलावर बसून होते, पावसाकडं बघत, मला घाई न करता. वाऱ्यानं गळतीची धार जरा त्यांच्या बाजूला सरकली तेव्हा त्यांनी हातातलं कार्ड सदऱ्याला पुसलं आणि भिजू नये म्हणून आतल्या खिशात ठेवलं.